आईच्या लॅपटॉपचा तुलनात्मक तक्ता

माणसाने आयुष्यात एक तरी काम शास्त्रशुद्ध पद्धतीने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी आईच्या लॅपटॉपसाठी लिनक्स निवडले. या कामाला तेवीस दिवस लागले आणि तेवढ्या काळात घरातल्या दोन माणसांनी माझ्याशी बोलणे कमी केले. आमच्या घरात मला सोडून माणसे दोनच आहेत.

लॅपटॉप आईचा. तसा तो आधी माझा होता, मग बायकोचा झाला आणि आम्ही दोघांनीही हात टेकल्यावर तो आईकडे गेला. सुरू व्हायला त्याला अकरा मिनिटे लागत. आई सकाळी बटण दाबून जाई, अंथरुणे आवरी, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घाली, पदराला हात पुसत परत येई आणि म्हणे, "उठला का रे तो?" आठवड्यातून दोनदा तो मधेच मान टाकायचा. एका सकाळी मात्र त्याने पडद्यावर एक निवेदन दाखवले. आपल्या यंत्रासाठी यापुढे सुधारणा मिळणार नाहीत आणि नवी आवृत्ती आपल्या यंत्रावर चालणार नाही, असा त्याचा आशय होता. 'तुमचे दिवस भरले' हे इतक्या सभ्य भाषेत लिहिलेले मी आजवर पाहिले नव्हते, आणि मी सरकारी पत्रव्यवहारात अठ्ठावीस वर्षे काढलेली आहेत.

आता आई लॅपटॉपवर करते काय, ते सांगायला हवे. माझे वडील वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते. घर ते शाळा या वाटेवरच्या झाडांच्या नोंदी त्यांनी आयुष्यभर केल्या आणि बारा वह्या मागे ठेवून ते गेले. त्यांचे अक्षर असे होते, की त्यापुढे कोंबडीचे पाय सुवाच्य म्हणावेत. पृथ्वीच्या पाठीवर ते अक्षर वाचू शकणारी एकच व्यक्ती उरली आहे, ती म्हणजे आई. आई एकतीस वर्षे सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होती. कळांकडे तिने कधी पाहिलेच नाही. पाहणाऱ्याला ती टायपिस्ट मानत नाही.

या वर्षाच्या सुरुवातीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले, दिवा मालवला, पुन्हा लावला आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "आजी, पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल. पण वाचायचं जे काही राहिलं असेल ते दोन-अडीच महिन्यांत वाचून घ्या." आई घरी आली, टेबल खिडकीखाली ओढले, पहिली वही काढली आणि कामाला लागली. डाव्या हाताला भिंग, उजव्या हाताला चहा, समोर लॅपटॉप. निवेदन आले तेव्हा साडेनऊ वह्या झाल्या होत्या आणि अडीच राहिल्या होत्या.

म्हणजे घाई होती. मला घाई माहीत नव्हती असे कोणी समजू नये. उलट घाई होती म्हणूनच काम पद्धतशीर व्हायला हवे, असे मी ठरवले.

"अहो, पण चालतोय ना तो?" बायको म्हणाली. "दोन महिने चालू द्या तसाच रडतखडत. मग काय करायचं ते करा."

"सुरक्षिततेचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"वहीतल्या झाडांना कोणापासून धोका आहे?"

माझ्या बायकोचे प्रश्न ऐकायला चटपटीत असतात, पण त्यांत दूरदृष्टी नसते. मी दार उघडून समोरच्या मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

मॅनेजरसाहेब बँकेतून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षे झाली, पण खुर्ची सुटली तरी सल्ला सुटलेला नाही. माझे बोलणे पुरते ऐकून न घेताच ते म्हणाले, "लिनक्स बसवा. जुनं यंत्र नव्यासारखं पळतं. मी पुरवणीत वाचलंय." मग चष्मा वर करून म्हणाले, "पण नीट बघून घ्या हं. त्यात पुष्कळ प्रकार असतात."

हे 'पुष्कळ' म्हणजे किती, ते मला त्या संध्याकाळी कळले. लिनक्स म्हणून एक वस्तू मिळतच नाही. मिळतात ती त्याची डिस्ट्रिब्युशन्स. कापड एकाच ताग्याचे, पण शिंपी शेकडो आणि प्रत्येकाचा सदरा निराळा, असा तो मामला आहे. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट, आर्च, आणि त्यांची मुले, नातवंडे, दत्तक गेलेली, भांडून वेगळी झालेली. वंशावळीचा तक्ता पाहून मला आमच्या भाऊबंदकीची आठवण झाली. दुसरा कोणी असता तर इथेच घाबरून परत फिरला असता. पण मी कचेरीत खरेदी विभागाचा प्रमुख आहे. जिथे एका वस्तूला दोन पर्याय निघतात, तिथे आमचा विभाग सुरू होतो.

आमच्याकडे कोणतीही वस्तू तुलनात्मक तक्त्याशिवाय घेत नाहीत. उभे रकाने, आडवे रकाने, प्रत्येक गुणाला गुण, शेवटी बेरीज. त्या तक्त्यात रकाना क्रमांक तीन असतो, 'वापरकर्त्याची गरज'. हा रकाना वापरकर्त्याने भरायचा नसतो. तो खरेदी विभाग भरतो. वापरकर्त्याला विचारत बसले तर तो गरज सांगत बसतो आणि खरेदी राहून जाते. शिपायांसाठी सायकली घेतल्या, तेव्हा आम्ही एकाही शिपायाला विचारले नव्हते. सायकली उत्तम आल्या. शिपायांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, हा वेगळा विषय आहे, आणि त्याची फाइलही वेगळी आहे.

तेव्हा मी आईसमोरच बसून तक्ता आखला. एकोणीस डिस्ट्रिब्युशन्स, चौदा गुण. 'स्थैर्य', 'रूप', 'जुन्या यंत्रावरील चाल', 'समाजातील प्रतिष्ठा' वगैरे. रकाना तीनमध्ये लिहिले, 'वापरकर्ता वयस्कर, गरज साधारण.' पुढचा रकाना अनुभवाचा होता. तिथे मी 'उच्च' असे लिहिले, कारण बसवणारा मी होतो आणि बावीस वर्षे मी संगणकावर तक्ते आखतो आहे. आई माझ्यापासून दोन हातांवर भिंगातून दहावी वही वाचत होती. तिने एकदा विचारले, "काय लिहितोयस?" मी म्हणालो, "तुझंच काम चाललंय." ती म्हणाली, "बरं."

जिन्यात वरच्या मजल्यावरची प्रोग्रामर भेटली. ही बाई माझ्याहून जेमतेम बारा वर्षांनी लहान असून मला काका म्हणते, म्हणून तिचा सल्ला घ्यायची मला इच्छा नव्हती. पण पाठपोट छापलेला तक्ता हातात होता आणि तो कोणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. तिने तो पायरीवर उभ्या उभ्या वाचला.

"वापरणार कोण?"

"आई."

"मग आजींनाच विचारा ना, त्या आत्ता काय काय वापरतात. कुठलं घ्यायचं ते त्यावरच ठरतं, काका. बाकी सगळी सारखीच असतात."

"रकाना आहे त्याला," मी तीन नंबरवर बोट ठेवून म्हणालो.

तिने रकाना वाचला, माझ्याकडे पाहिले आणि "लागलं तर सांगा" म्हणून वर गेली. तिने तक्त्याबद्दल एक चांगला शब्द काढला नाही. हल्लीच्या माणसांना कष्टांची किंमत नाही.

दरम्यान मी इंटरनेटवरच्या एका चर्चामंडळाचा सभासद झालो होतो. तिथे 'मूळपुरुष' या टोपणनावाचे एक गृहस्थ अहोरात्र हजर असत. मी तक्ता तिथे टाकून नम्रपणे विचारले, "माझ्यासाठी योग्य काय?" त्यांनी उत्तर दिले, "आधी माहितीपत्रक वाचा." मी वाचले आणि पुन्हा विचारले. ते म्हणाले, "नीट वाचा." तिसऱ्यांदा त्यांनी लिहिले, "मिंट वगैरे नवशिक्यांसाठी ठीक आहे. ज्याला खरोखर शिकायचंय तो आर्च घेतो." हे वाक्य माझ्या मर्मावर बसले. मी त्याच दिवशी 'समाजातील प्रतिष्ठा' या गुणाचे वजन दुप्पट केले. बेरजेत मिंट शेवटून दुसरे आले.

आता उतरवून घ्यायचे कसे? घरच्या इंटरनेटवर लिनक्सची फाइल उतरायला दोन दिवस लागतील असे दिसले, म्हणून ती कचेरीत उतरवावी असे ठरवले. पण आमच्या कचेरीत पेनड्राइव्ह आणायला बंदी आहे. ती बंदी तीन वर्षांपूर्वी माझ्याच टिपणीवरून लागली होती. संगणक कक्षाच्या प्रमुखाने ती टिपणी काढून माझ्यापुढे ठेवली. खाली माझी सही होती, आणि ती मला ओळखू आली.

"अपवाद करता येतो," तो म्हणाला. "अर्ज करा. तीन प्रती. विभागप्रमुखाची शिफारस लागेल."

"विभागप्रमुख मीच आहे."

"मग सोपं आहे. शिफारस करा."

मी स्वतःच्या अर्जावर स्वतःची शिफारस केली. ती परत आली, कारण अर्जदार आणि शिफारसकर्ता एकच असू नये, असा नियम निघाला. तो नियमही मी केलेला होता. अशा वेळी माणसाला स्वतःच्या कारकिर्दीचा अभिमान वाटावा की काय वाटावे, ते कळत नाही. यात सहा दिवस गेले. रोज संध्याकाळी मी घरी आलो की आई खिडकीपाशी भिंग घेऊन बसलेली असे. लॅपटॉप मी कपाटात ठेवला होता, कारण बदल होणार असलेल्या यंत्रावर काम करू नये, असे माहितीपत्रकात लिहिले होते. "झालं का रे?" ती विचारी. "प्रक्रियेत आहे," मी सांगे. आठव्या दिवसापासून तिने विचारणे बंद केले. मला त्याचे जरा बरेच वाटले, हे कबूल करतो.

पेनड्राइव्हचा परवाना मिळाला. आईच्या साडेनऊ वह्यांची प्रत मी आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवली होती, कारण जबाबदार माणूस आधी प्रत काढतो. मग त्याच पेनड्राइव्हवर मी लिनक्स बसवण्याची फाइल चढवली. असे करताना पेनड्राइव्ह आधी साफ पुसला जातो. तशी सूचना पडद्यावर आली होती आणि मी 'होय' म्हणालो होतो. सूचना आली की 'होय' म्हणायचे ही अठ्ठावीस वर्षांची सवय. त्यानंतर त्या पेनड्राइव्हने मी लॅपटॉपही पुसला. तिथेही सूचना आली होती.

हे मला दुसऱ्या दिवशी कचेरीत, चहाचा पहिला घोट घेताना उमगले. कप खाली ठेवला तो बशीत न ठेवता फाइलवर ठेवला. साडेनऊ वह्या. आईचे डोळे आणि त्या साडेनऊ वह्या. तो दिवस मी कसा काढला ते माझे मला माहीत. घरी आल्यावर मी बायकोला स्वयंपाकघरात गाठले आणि दार लोटून सगळे सांगितले. ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला नाही.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"सगळं. फाइली माझ्या फोनमध्ये आहेत, आणि कपाटात छापील प्रत आहे. आईंनीच सांगितलं होतं, एक प्रत ती प्रतच नव्हे. आणि तुम्ही तक्ता आखायला घेतलात ना, त्या दिवशी मी उरलेलंही काढून घेतलं."

मी मोडा खाली ओढून बसलो. आपल्यावर घरात किती विश्वास आहे ते असे अचानक कळू नये. पण त्या क्षणी मला अपमानापेक्षा सुटकाच जास्त वाटली, आणि डोळ्यांत पाणी आले ते कांद्याचे नव्हते, कारण कांदा कोणी चिरत नव्हते.

इथे एखादा शहाणा थांबला असता. पण लॅपटॉप तर आता कोरा झाला होता आणि मूळपुरुष माझी वाट पाहत होते. हात बसावा म्हणून पहिला प्रयत्न उबुंटूचा. सगळे दिसले, पण इंटरनेट मिळेना. कोणता पर्याय निवडायचा राहिला ते मला शेवटपर्यंत समजले नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, "जुनं ते सोनं, डेबियन घ्या." ते बसवताना मी कुठेतरी भलतेच बटण दाबले आणि अक्षरे एवढी बारीक झाली की मलाच आईचे भिंग आणावे लागले. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मग नवं घ्या, नवं ते नवं." शेवटी आर्च. त्यात सगळे आपल्या हाताने, एकेक ओळ लिहून बसवायचे असते. चार दिवस मी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे लिहीत होतो. कचेरीतून अर्धी रजा घेऊन येत होतो. जेवताना माझी बोटे ताटाच्या कडेवर आज्ञा लिहीत होती. आई समोरच्या खोलीत वही बंद करून नुसती बसलेली दिसे. वही तिने सगळी वाचून संपवली असेल, असे मी धरून चाललो.

बाविसाव्या दिवशी चित्र उमटले. निळा पडदा, त्यावर घड्याळ, आणि घड्याळात वेळही बरोबर. मी मूळपुरुषांना कळवले. त्यांनी लिहिले, "छान." त्या एका शब्दाने मी जो काही फुललो, तसा लग्नातही फुललो नव्हतो.

तेविसाव्या दिवशी सकाळी, रविवार पाहून, मी हस्तांतरणाचा छोटासा समारंभ केला. मॅनेजरसाहेबांना बोलावले. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आईने केस विंचरले, चष्मा पुसला आणि खुर्चीत बसली. यंत्र चाळीस सेकंदांत सुरू झाले. "बघ," मी म्हणालो. "चाळीस." आई म्हणाली, "हो रे, पटकन उठला." मी लिहिण्याचा कागद उघडून दिला. तिने बोटे कळांवर ठेवली आणि वहीतले पान जवळजवळ पाठ असल्यासारखे टाइप करायला सुरुवात केली.

काय तो वेग! टकाटका टकाटका, कुठे अडखळ नाही. पडद्याकडे तिने पाहिले नाही. पडद्यावरचे तिला धुक्यासारखेच दिसते. "वा!" मॅनेजरसाहेब म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पान संपल्यावर आईने हात मांडीवर ठेवले. तेवीस दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

"वाच बघू," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीत मला शंका आहे."

मी वाकून पाहिले. अक्षरे मराठीच होती. शब्द मात्र जगातल्या कोणत्याच भाषेत नव्हते. पानभर. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

घोळ माझाच होता. मराठी टाइप करण्याच्या निरनिराळ्या पद्धती असतात, कोणती कळ दाबली की कोणते अक्षर उमटते ते प्रत्येकीत वेगळे. कचेरीत मी इंग्रजी अक्षरे दाबून मराठी काढतो, म्हणून तीच पद्धत बसवली होती. आईची बोटे जुन्या टाइपरायटरची होती. लॅपटॉपवर आधी तीच मांडणी होती, हे मला ठाऊकच नव्हते. ती बायकोने लावून दिली होती. चौदा गुणांच्या माझ्या तक्त्यात कळफलक नव्हता.

एक क्षण मनात आले, की बरोबर आहे म्हणून सांगावे आणि मागाहून निस्तरावे. मॅनेजरसाहेबही पडद्यात डोकावले, "अरे अरे" म्हणाले आणि गॅसवर दूध ठेवल्याचे आठवून घरी गेले.

"काय झालं?" आईने विचारले. "वाचवत नाही का?"

"आई," मी म्हणालो, "यातलं काहीच बरोबर उमटलं नाही. माझं चुकलं."

ती पान कुरवाळल्यासारखा कळांवरून हात फिरवून म्हणाली, "पान छान झालं होतं रे." रागाचा एक शब्द नाही. रागावली असती तर मी निदान बचाव तरी केला असता. बचाव माझा तयार होता, मुद्देसूद. पण तो ऐकायला समोर कोणी भांडतच नव्हते. मला माझी भयंकर लाज वाटली.

बायको वर गेली आणि प्रोग्रामरला घेऊन आली. प्रोग्रामरने लॅपटॉपकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने मोडा ओढला आणि आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आजी, तुम्हाला काय काय लागतं?"

आईला हा प्रश्न कोणी विचारेल असे वाटले नसावे. तिने पदर नीट केला. "मला काय लागणार? माझ्या टाइपरायटरच्या कळा. अक्षर मोठं, म्हणजे कडेनं दिसलं तर दिसतं. आणि सुरू केलं की कालचाच कागद समोर यावा. शोधत बसायला नको."

"बस?"

"बस. आणि त्यानं मधे मधे काही विचारू नये. मला ते वाचता येत नाही, उगीच 'होय' म्हटलं जातं."

मी खिडकीबाहेर पाहिले. प्रोग्रामरने माझा तक्ता मागितला, खालून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि मला म्हणाली, "मिंट. काका, ही सगळीच चांगली असतात. सदरा कोणाचाही चांगला, पण माप कोणाचं घेतलं होतं?" पावणेदोन तासांत तिने सगळे करून दिले. कळा, मोठे अक्षर, कालचा कागद. मी तिला पाणी नेऊन देत होतो आणि बायको माझ्याकडे बघायचे टाळत होती, हा तिचा मोठेपणा.

दुपारी आई कामाला बसली. दहाव्या वहीचे मधले पान उघडले, भिंग धरले. मग म्हणाली, "हे जरा पुसून आण रे." मी पुसून आणले. तिने पुन्हा धरले, जवळ नेले, लांब नेले, मान तिरकी केली. "परत एकदा पूस. साबण लाव." मी साबण लावला, फडक्याने कोरडे केले, उजेडात धरून पाहिले. भिंगावर डाग नव्हता. तिने ते तिसऱ्यांदा वहीवर धरले आणि मग हळूच टेबलावर ठेवून दिले.

"मागच्या आठवड्यात थोडं दिसत होतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती. तिने फक्त तारीख सांगितली. आणि ती वही बंद करून का बसत होती, ते मला आता कळले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की असे व्हायचेच होते, कधी चार दिवस आधी, कधी नंतर. त्यांनी माझी समजूत घातली. मी घालून घेतली नाही. आधीचे ते तेवीस दिवस माझ्या नावावर आहेत, आणि ते कोणत्याही फाइलमध्ये वळते करता येत नाहीत.

राहिल्या अडीच वह्या. त्या वाचणारे आता कोणीच उरले नव्हते. दोन दिवस त्या टेबलावर नुसत्या पडून होत्या. तिसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर मी हातपाय धुतले, आईशेजारी खुर्ची घेतली आणि वही उघडली. "काय लिहिलंय कुणास ठाऊक," मी म्हणालो. "एक उभी रेघ आहे, तिला पोट आहे, मग पाण्यात पडल्यासारखं काहीतरी आहे."

"तो 'व' आहे," आई म्हणाली. "पोट भरलेलं की रिकामं?"

"रिकामं."

"मग 'व'च. पुढचा 'ड'. वड आला बघ. ते वडापासून सुरुवात करायचे प्रत्येक महिन्याला."

असे आम्ही सुरू झालो. पहिल्या संध्याकाळी चार ओळी झाल्या. मी रेघांचे वर्णन करायचे आणि तिने ओळखायचे. एकदा एका शब्दावर आम्ही वीस मिनिटे घातली आणि शेवटी ती शाईची गळती निघाली. आठवड्याभराने मला पूर्ण शब्द दिसू लागले, महिन्याभराने ओळी. मी वाचतो, ती टाइप करते, आणि बायको शेवटी छापून कपाटात ठेवते. मी वाचताना अडखळलो, तर आईची बोटे कळांवर थांबून राहतात. मॅनेजरसाहेब मधे येऊन म्हणाले, की हल्ली अक्षर वाचणारी यंत्रे मिळतात, मी एक तक्ता करून बघावा. मी त्यांना चहा पाजून परत पाठवले.

परवा अकराव्या वहीच्या शेवटाकडे आलो. (वह्यांना क्रमांक आईने हाताला लागतील तसे दिले आहेत, सालाप्रमाणे नव्हे.) पावसाळ्याच्या नोंदी चालल्या होत्या, आणि मी आता चांगला सरावलेला असल्यामुळे पुढचे न पाहता घडाघडा वाचत होतो. "मोगऱ्याचे रोप. चिरंजीवांनी त्याला दिवसातून पाच वेळा पाणी घातले. मुळे वाढली का, हे रोज माती उकरून तपासले. रोप गेले. तो शाळेतून यायच्या आत तसेच दुसरे आणून लावले. त्याला काही बोललो नाही. एवढी काळजी मी स्वतः एकाही झाडाची घेतलेली नाही."

मी थांबलो. तो मोगरा मला चांगला आठवतो. नऊ वर्षांचा असताना मी एकट्याने जगवलेला. त्याला फुले आली होती. ती गोष्ट मी लग्नानंतर बायकोला सांगितली आहे, कचेरीत सांगितली आहे, आणि नव्याने लागलेल्या प्रत्येक कारकुनाला पहिल्या दिवशी सांगतो. पद्धतशीरपणे केले की काहीही जगते, असे तिचे तात्पर्य असते.

आईची बोटे शेवटच्या शब्दापर्यंत आली होती. तिने पूर्णविराम दिला.

"आई," मी म्हणालो, "तुला माहीत होतं हे?"

"दुसरं रोप मीच आणलं होतं. त्यांना तास होता."

"हे पण टाइप करायचं?"

"मूळ प्रतीत आहे ना?"

"आहे."

"मग विचारतोस काय," आई म्हणाली. "पुढे वाच."